इंजिन मोकळं होईपर्यंत

मिस्त्रीनं इंजिनाच्या कामाचे साठ हजार सांगितले. वर म्हणाला, हा आकडा इंजिन उघडायच्या आधीचा, आत काय निघेल ते आताच सांगता येत नाही. गाडी भंगारात घातली तर पस्तीसच्या वर कोणी द्यायला तयार नव्हतं.

"अण्णा, मी माझ्याच पोटावर पाय देतोय, पण विका ही," तो म्हणाला.

"विकायची असती तर तुझ्याकडं ढकलत कशाला आणली असती?"

"मग वापरणार कशाला? धंदा तर बंद केला म्हणता."

तू उघड, एवढंच म्हटलं.

गाडी म्हणजे डिझेलची जुनी व्हॅन. मागच्या सीटा काढून आम्ही फळ्या मारून घेतल्या होत्या. हुबळीत दाजीबानपेठेतल्या होलसेल दुकानांतून लुगडी, खण, परकर, टॉवेल, अलीकडं मॅक्सीसुद्धा घ्यायच्या आणि अळणावरकडच्या आठवडी बाजारांत नेऊन विकायच्या. हा आमचा धंदा. आमचा म्हणजे माझा आणि बायकोचा. मी गाडी चालवायचो, गठ्ठे उतरवायचो. विकायची ती. मी चौथीत शाळा सोडलेला, तोंडानं फटकळ. गिऱ्हाईक भाव पाडायला लागलं की मी लुगडं घडी करून आत टाकायचो. तिचं तसं नव्हतं. ती सांगलीकडची, लग्न होऊन आली तेव्हा कानडीचं अक्षर येत नव्हतं. बाजारातच शिकली आणि शेवटपर्यंत मोडकंच बोलली. बायका तिचं कानडी ऐकून हसायला जमायच्या आणि जाताना खण घेऊन जायच्या.

ती गेली. छातीत दुखतंय म्हणाली, दवाखान्यात चालत गेली, परत चालत आली नाही.

त्यानंतर गाडीवर ताडपत्री टाकली ती टाकलीच. उरलेला माल होलसेलवाल्यानं परत घेतला. मी बाजारात गेलो नाही. घरी भेटायला जी माणसं आली त्यांना सगळं आधीच माहीत होतं, मला काही बोलावं लागलं नाही. बाजारातल्या बायकांना कोण सांगणार होतं? त्या विचारणार अक्का कुठंय, आणि ते मलाच माझ्या तोंडानं सांगावं लागणार. ते मला जमणार नव्हतं. म्हणून गेलोच नाही.

वर्षश्राद्धाला मुलगा बेंगळुरूहून आला. जेवणं उरकली आणि त्यानं विषय काढला.

"अप्पा, आता तिकडंच चला. आणि ती गाडी भंगारात देऊन टाकू. उंदरांनी घर केलंय तिच्यात."

"उंदीर काढतो."

"उंदरांचा प्रश्न नाही अप्पा."

"मग उंदरांचं नाव कशाला काढलंस?"

सून उठून आत गेली, हसायला. मुलगा काही हसला नाही. त्याचं चुकत नव्हतं. पण ताडपत्रीखालून गाडी नेली तर मी त्या बाजारात पुन्हा कधी जाणार नाही, हे मला तिथं बसल्या बसल्या कळलं. आणि गेलो नाही तर त्या बायकांच्या लेखी मी तिला घेऊन कुठंतरी पळून गेलोय, असंच राहणार.

दुसऱ्या दिवशी मुलाला घेऊन गाडी चालू करून बघितली. तो पुढच्या सीटवर बसायला गेला तर म्हटलं, मागं फळीवर बस. पुढच्या सीटवर बायकोची उशी होती. पाठ दुखायची म्हणून खणाच्या चिंध्या जोडून तिनं स्वतः शिवलेली. मुलगा मागं बसला. गाडी चालू झाली तशी निळ्या धुरानं गल्ली भरली, शेजारणीनं खिडक्या लावून घेतल्या. कोपऱ्यापर्यंत गेली आणि बंद पडली.

इंजिन काही त्या वर्षात बिघडलं नव्हतं. तिच्या हयातीतच झिजलं होतं. ऑइल प्यायचं. ऑइलचा कॅन ती पायाशी घेऊन बसायची. धारवाड मागं टाकून केलगेरीच्या तळ्यापाशी चहाला थांबलो की म्हणायची, "पाजा आता तिला." चढाला धूर सुटला की नाकाला पदर लावायची. "गाडीला बिडीचं व्यसन लागलंय. कुणाचं बघून लागलं कुणास ठाऊक." अशा टोमण्यांनी माझी बिडी सुटली, गाडीची सुटली नाही. लग्नसराई झाली की काम काढू म्हणायचो, मग दिवाळी झाली की काढू. झिजत गेलं.

मिस्त्रीनं इंजिन उतरवून सगळं सुटं करून पत्र्याच्या ट्रेमध्ये मांडलं. पिस्टन काळे पडलेले. सिलिंडरच्या भिंतीवर त्यानं माझं बोट धरून फिरवलं, वरच्या अंगाला कड लागली. पिस्टन वरखाली होऊन भिंत खाल्ली गेली होती. मी बराच वेळ बघत उभा राहिलो. हे एवढं झिजलं तेवढा सगळा वेळ ती शेजारी बसून होती, असं मनात आलं. मिस्त्री म्हणाला, "अण्णा, बसा, स्टूल देतो." त्याला वाटलं आकडा ऐकून चक्कर आली.

आकडा वाढलाच होता. सिलिंडर लेथवाल्याकडं बोअर करायला, म्हणजे आतून कातून सारखे करायला पाठवायचे, क्रँक घासायचा, पिस्टन, रिंगा, बेअरिंगं, ऑइलचा पंप सगळं नवं. साठाचे ऐंशी झाले. मुलानं माझ्या दातांसाठी पाठवलेले पैसे बँकेत होते, ते काढले. त्याला कळलं तसा फोन आला.

"दातांचे पैसे इंजिनात घातलेत?"

"भाकरी दुधात कुस्करून खाता येते. गाडी दुधात कुस्करून चालत नाही."

"अप्पा, तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही."

"तुझी आईपण हेच म्हणायची."

फोन ठेवता ठेवता म्हणाला, "कमी पडले तर सांगा."

गाडी हातात आली तेव्हा आवाज एवढा कमी होता की चालू आहे की बंद, ते हात लावून बघितलं. मिस्त्रीनं बजावलं, "इंजिन टाइट आहे. पहिले हजार किलोमीटर चाळीसच्या वर जायचं नाही, माल भरायचा नाही, उभी करून चालू ठेवायची नाही. फिरवून फिरवून मोकळी करायची. मग आणा, ऑइल बदलून देतो."

"रिकामी गाडी कुठं फिरवू?"

"देवाला जाऊन या."

देवाशी माझं त्या वर्षात फारसं बोलणं नव्हतं. गावात फिरवावी तर पावलोपावली सिग्नल. सवयीनं स्टिअरिंग धारवाडकडं वळलं. पहिल्या दिवशी केलगेरीच्या तळ्यावरून परत फिरलो. पुढच्या खेपेला थोडं पुढं गेलो. मग आणखी पुढं. माझ्या मागं हॉर्न वाजायचे, लॉऱ्या जायच्या, स्कुटरवरच्या पोरी जायच्या. एकदा तर ट्रॅक्टर पुढं गेला आणि ट्रॅक्टरवाला वळून वळून बघत राहिला, की हा म्हातारा झोपलाय काय.

एका सकाळी अळणावरच्या अलीकडच्या खेड्यापर्यंत पोचलो. बाजाराचा दिवस होता. ते माझ्या ध्यानात नव्हतं असं म्हणणार नाही. बसथांब्यावर एक म्हातारी वांग्यांची बुट्टी घेऊन उभी होती. तिनं गाडी ओळखली आणि सरळ रस्त्यात आडवी आली. आमचं जुनं गिऱ्हाईक. तिच्या सुनांची लुगडी, नातींचे परकर, सगळे आमच्याकडचे. आमचं बोलणं कानडीत झालं, मी मराठीत लिहितोय.

"काय अण्णा, दुसरा बाजार धरलास काय?" म्हणत ती खिडकीतून आत वाकली. पुढची सीट रिकामी दिसली. "अक्का यल्लि? कुठंय अक्का?"

"वारली," मी म्हटलं. "वर्ष होऊन गेलं."

झालं सांगून. ज्याला एवढा घाबरून घरात बसलो होतो ते एका दमात झालं.

मला वाटलं ती रडेल. तिनं बुट्टी खाली ठेवली आणि मला शिव्या द्यायला सुरुवात केली. "वर्ष झालं आणि आज सांगतोस? दर बाजाराला आम्ही तुझ्या जागेकडं बघत होतो. गिऱ्हाइकं तोडून गेला म्हणून तुझ्या नावानं बोटं मोडली आम्ही. तिच्यासाठी रडायचं सोडून तुला शिव्या देत बसलो."

"मला सांगता आलं नाही."

"का, तोंड शिवलं होतं?"

"हो."

ती गाडीचं दार उघडायला लागली.

"बाई, मिस्त्रीनं सांगितलंय, लोड नको."

"मी लोड?"

"तू नाहीस, वांगी आहेत."

"तू लुगड्यांचे डोंगर नेत होतास, आता वांगी जड झाली तुला?" बुट्टी तिनं मागं फळीवर सरकवली आणि पुढं चढली. उशी दिसली तशी थांबली. उचलली, हातानं धूळ झटकली. पाठीशी नाही घेतली. मांडीवर घेऊन बसली, लेकरू घेतल्यासारखी. पोटच्या पोराला मी मागं फळीवर बसवलं होतं. तिला काही बोललो नाही.

चाळीसच्या खाली गाडी चालली होती. म्हातारी समोर बघत म्हणाली, "मी एकदा शेवाळी रंगाचं लुगडं उचललं होतं. अक्का म्हणाली, हे नको घेऊ, यात तू दुखणाईत दिसतेस. विकायला बसलेली बाई असं सांगते काय कुठं?"

"मला माहीत नाही हे."

"तुला कसं माहीत असणार? तू पुढं बॉनेटला टेकून बिड्या ओढत असायचास."

पूर्वीचं इंजिन असतं तर मला काही कळलं नसतं. आता आवाज नव्हता, म्हणून तिनं नाक ओढलेलं ऐकू आलं. मीही रस्त्याकडंच बघत राहिलो. पुढं काही दिसेना म्हणून थोडी आणखी हळू घेतली.

बाजारात आमच्या जागेवर एक प्लॅस्टिकच्या बादल्यावाला बसला होता. त्यानं काही न विचारता बादल्या सरकवल्या. मी गाडी लावली आणि सवयीनं मागचं दार वर उचललं. आत नुसत्या फळ्या आणि वांगी. गाडी बघून बायका आल्या. एकीला सांगितलं, दुसरीला सांगितलं. मग मला सांगावंच लागेना, वांगीवालीच सगळ्यांना सांगायला लागली. त्या दोघी-तिघी करून फळ्यांवर चढून बसल्या, लोडचा विचार कोणी केला नाही. बायकोच्या मोडक्या कानडीची नक्कल एकीनं केली, हुबेहूब. कोणीतरी माझ्या हातात चहा दिला. मी बाजार उठेपर्यंत थांबलो. एक वार कापड विकलं नाही.

तेव्हापासून दर बाजाराला जातो, रिकामाच. डिझेल अंगावर पडतं. मुलाला सांगितलं, बेंगळुरूला सणाला येईन, राहायला नाही. तो म्हणाला, बरं. बायका भाकरी खायला गाडीत येऊन बसतात, ऊन लागत नाही म्हणतात. परवा त्यांनी विचारलं, "माल कधी आणतोस?"

"रंगांचं मला काही कळत नाही. ते ती बघायची."

"ते आम्हाला माहीत आहे," वांगीवाली म्हणाली. "अक्का सांगायची, ह्यांच्यावर सोडलं तर सगळी तपकिरी लुगडी आणतील."

"तपकिरी मळत नाही."

अशा हसल्या की बादल्यावाला उठून बघायला आला.

हजाराला आता थोडेच किलोमीटर राहिलेत. ऑइल बदललं की दाजीबानपेठेत जाईन. हिरवा, जांभळा, मोरपंखी, आंबा रंग त्यांनी माझ्याकडून पाठ करून घेतलेत. तेवढे आणीन. एखादं तपकिरी मी माझ्या मनानं घेणारच.