विनायक वल्द गोविंदराव, हाजिर हो

नाटक एकदा करून संपतं, त्याचे किस्से मात्र जन्मभर पुरतात. आमच्या जालन्याच्या हौशी मंडळातले चार जण चहाला बसले की कुणीतरी म्हणतंच, "खुनाच्या वेळचं सांग ना." मग चहा गार होतो.

खून म्हणजे निजामाच्या शेवटच्या काळातला खटला. तीर्थपुरीच्या पुढच्या एका गावात गोविंदराव देशमुखांचा विहिरीवर खून झाला. त्यांचा सालगडी लक्ष्मण जन्मठेपेवर गेला आणि जेलातच वारला. त्या भागात अजून कुणी मालकाला उलटून बोललं की लोक म्हणतात, "लक्ष्मण होऊ नको." मी त्यावर नाटक लिहिलं, दिग्दर्शनही माझंच.

लक्ष्मण कुणी करायचा यावर वाद चालला होता. स्टील फॅक्टरीत कामाला असलेला रामकिसन मागून म्हणाला, "मी करतो. माझेच पणजोबा हायेत."

दोन वर्षं आमच्यात उठबस असलेल्या माणसानं हे कधी सांगितलं नव्हतं. "गावात आमच्या घराला आजबी खुन्याचं घर म्हंत्यात," तो म्हणाला. "एकच अट हाय. प्रयोग त्या गावात करायचा. त्यांनी मारलं न्हाई, हे गावानं एकदा बसून ऐकावं."

* * *

लक्ष्मणला चावडीवर बांधायचा सीन होता. दोरी आणायला रामकिसन मस्तगडच्या बाजारात गेला. दुकानदारानं विचारलं, "बैलाला पाहिजे का म्हशीला?"

रामकिसन सरळ माणूस. "पणजोबाला," म्हणाला.

दुकानदारानं दोरी परत आत ठेवली. शेवटी मी जाऊन आणली, तर त्यानं मलाही नखशिखांत न्याहाळलं.

* * *

गोविंदराव झाला होता बियाण्यांच्या दुकानातला आमचा प्रमोद. रक्त म्हणजे कुंकू कालवलेलं गुळाचं पाणी. चौथ्या तालमीला त्याची बायको सुनीतावहिनी धोतर घेऊन थेट आमच्यासमोर उभी राहिली.

"रोज मारून राह्यले तुम्ही, अन् धुऊन राह्यले मी. प्रयोगाला मारा काय मारायचं ते. तवर कोरडं मारा."

मंडळात तिला उलट उत्तर देईल असा कुणी नव्हता. प्रमोद पुढचे दोन महिने कोरडाच मेला. गुळाला मुंग्या लागायच्या, त्याही थांबल्या.

* * *

सय्यदमामा तीस वर्षं कोर्टात पट्टेवाले होते. दारात उभं राहून नावं पुकारायची, हे त्यांचं काम. आवाज असा दणदणीत की आम्ही त्यांनाच न्यायाधीश करायचं ठरवलं. मामांनी हात जोडले. "जिंदगीभर साहेबांची खुर्ची पुसली. तिच्यात बसनार न्हाई." म्हणून खुर्चीत मी आणि दारात मामा.

मूळ खटल्यात खून पाहणारा साक्षीदार एकच, गोविंदरावांचा सात वर्षांचा मुलगा विनायक. घरच्यांनी त्याला कोर्टात येऊच दिलं नाही. मामा तिथं तीन पुकारे करायचे आणि दर पुकाऱ्यानंतर दाराकडे बघत थांबायचे. नाटक तिथं आडवं पडायचं. एक दिवस मी वैतागलो. "मामा, तो येत नाही हे पब्लिकला पहिल्याच हाकेत कळतं."

"पब्लिकला कळू द्या. कायद्याला तीन लागत्यात," मामा म्हणाले. "तिसऱ्याला आलेले बी पाहिलेत मी."

* * *

गावात प्रयोग करायचा तर देशमुखांना विचारणं भाग होतं. गोविंदरावांचा पणतू ऐकून घेऊन म्हणाला, "करा बराबर. पण आमचं मानूस बोडक्या डोक्यानं मेलेलं चालणार न्हाई." आणि आतून फेटा काढून दिला.

खाटेवर विनायकआबा बसले होते. तेव्हाचा तो सात वर्षांचा मुलगा, आता नव्वदीला टेकलेला. रामकिसन उंबऱ्याबाहेरच थांबला होता, कारण खटल्यापासून त्याच्या घरच्या कुणीही तो उंबरा ओलांडला नव्हता. आबांनी त्याच्याकडे बघितलं. मग म्हणाले, "जेवला का रे?"

रामकिसननं पायातल्या चपला काढल्या.

* * *

प्रयोग संध्याकाळी शाळेच्या पटांगणात झाला. सगळं गाव आलं होतं. आबांची खुर्ची पहिल्या रांगेत. प्रमोद फेटा बांधून मेला, आणि या वेळी ओला.

कोर्टाचा सीन आला. मामांनी आवाज लावला, "विनायक वल्द गोविंदराव, हाजिर हो!" आणि थांबले. दुसऱ्यांदा पुकारलं, पुन्हा थांबले. मी पुढचं वाक्य तोंडात धरून बसलो होतो.

तिसऱ्या पुकाऱ्याला पहिल्या रांगेत काठी वाजली.

"हाजर हाय," आबा म्हणाले.

पणतू धरायला उठला. आबांनी त्याचा हात बाजूला केला आणि एकेक पायरी चढून स्टेजवर आले. माझ्याकडे तोंड करून म्हणाले, "तवा घरात कोंडून ठेवल्तं मला. आता सांगतो, साहेब. लक्ष्मण तिथं नव्हताच."

आरोपीच्या कठड्यात रामकिसन दोन्ही हातांनी लाकूड घट्ट धरून उभा होता. मी लेखक, मी दिग्दर्शक, मी न्यायाधीश, आणि तिघांपैकी एकालाही वाक्य सुचेना.

मामा मात्र दार सोडून पुढे आले. आबांना हात देऊन साक्षीदाराच्या कठड्यात नेलं, त्यांची काठी स्वतःकडे घेतली.

"असं न्हाई, आबा," ते म्हणाले. "आधी शपथ घ्या."