दत्तारामचं उघडं राहिलेलं इंजिन

वहिनींचा फोन आला तेव्हा मी दिघीच्या जेट्टीवर फेरीबोटीची वाट बघत होतो. "भावोजी, हे गेले... गॅरेजमध्येच," एवढंच त्या म्हणाल्या. दत्ताराम म्हसळ्याचा मेकॅनिक, माझा शाळेपासूनचा मित्र. छातीत दुखतंय हे तो महिनाभर सांगत होता आणि त्या महिन्यात आम्ही काय केलं, तर इंजिनावरून वाद घातला. दीड महिना झाला, अजून माझी मला लाज वाटते.

डॉक्टरांनी मुंबईला जाऊन तपासून घ्यायला बजावलं होतं. पण हा पक्का हट्टी. त्याची स्वतःची जुनी छोटी गाडी त्याने नेमकी तेव्हाच खोलली होती. जन्मभर लोकांच्या गाड्या चालत्या केल्या, आता भाड्याच्या गाडीत बसून जायचं त्याला जिवावर आलं. "इंजिन बसू दे मास्तर, मंग माझ्याच गाडीतनं जाऊ."

गॅरेजच्या टेबलावर दोन हेड होती, म्हणजे इंजिनावर बसणारी झाकणं. एक गाडीचं मूळचं, दर सिलिंडरला दोन व्हॉल्व्हचं, हवा आत-बाहेर सोडणाऱ्या दोन झडपांचं. दुसरं भंगारातून आणलेलं, चार व्हॉल्व्हचं. ती उलटी ठेवून तो सिरिंजने त्यांच्या पोकळीत रॉकेल सोडायचा, किती मावलं ते सांगायचा आणि मी, निवृत्त गणित-मास्तर, कॉम्प्रेशन, म्हणजे आतली हवा किती पट दाबली जाते ते, काढून द्यायचो. चार व्हॉल्व्हचं हेड मोकळा श्वास घेतं, जोर जास्त देतं, हा माझा हेका. खरं तर त्याने पहिल्याच आठवड्यात निकाल दिला होता. "जोर हाय, पन वरच्या स्पीडला. घाटात खालच्या स्पीडलाच ओढ पायजे. जुनंच बरं." संपलं होतं की! चार दिवसांत गाडी चालती झाली असती. पण मला रिकामपणात चाळा मिळाला होता. "पुन्हा मोजू," मी म्हणालो. तोही भला माणूस, हसला आणि पुन्हा सिरिंज उचलली. असं तीन आठवडे. मधेच छाती धरून स्टुलावर बसायचा आणि मी काय करायचो, तर चहा सांगायचो... चहा!

परवा गॅरेज आवरायला वहिनींनी बोलावलं. दोन्ही हेड टेबलावर शेजारी शेजारी तशीच होती, रॉकेल उडून गेलेलं, वर धूळ. वहिनी पदराने एकेक पुसत होत्या.

"कीस काढायची सवयच ह्यांना. ह्यांचंच ठरेना म्हणून मुंबईला जायचं राहिलं ना, भावोजी?"

मी हो म्हणालो.