कायम होण्याआधीचा सत्कार

श्रम हाच माणसाचा खरा दागिना आहे, यावर आमच्या घराण्याची पिढ्यानपिढ्या श्रद्धा आहे. फक्त तो दागिना आपण स्वतः घालून बघावा, असं कधी कोणाला वाटलेलं नाही. मी स्वतः नाशिकच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो, म्हणजे सगळी हयात बसून काढली. त्यामुळे माझ्या भाचीला, सायलीला, नोकरी लावून द्यायची मोहीम निघाली तेव्हा घरातलं एकूण एक माणूस हिरिरीने पुढे आलं. काम दुसऱ्याने करायचं होतं ना!

सायली अठ्ठावीस वर्षांची. तिला ऑटिझम आहे. मराठीत याला स्वमग्नता म्हणतात, पण आमच्या घरात स्वतःमध्ये मग्न नसलेलं माणूस शोधायचं झालं तर ती एकटीच सापडेल. मोठे आवाज, लुकलुकणारी ट्यूबलाइट आणि न सांगता घडणाऱ्या गोष्टी तिला सोसत नाहीत. शिवाय तिला खोटं बोलता येत नाही. पहिल्या तीन गोष्टींवर काहीतरी तोडगा निघतो. चौथीवर निदान आमच्या बाजारपेठेत तरी नाही.

आधी ती एका साडीच्या दुकानात होती. एका बाईंनी पदर खांद्यावर टाकून विचारलं, "ही मला कशी दिसते गं?" सायलीने नीट निरखून पाहिलं आणि खरं ते सांगितलं. बाई दुसऱ्या दुकानात गेल्या, सायली घरी आली. मग एका ट्रॅव्हलवाल्याकडे लागली. तिथे तिने गिऱ्हाइकाला सांगितलं, की खोलीच्या खिडकीतून नदी दिसत नाही, फोटो दुसऱ्याच हॉटेलचा आहे. काम जमत नाही, असं तिला कोणीच म्हणालं नाही. सगळे म्हणाले, "मुलगी चांगली आहे हो, पण..." (लग्नाच्या आणि नोकरीच्या बाजारात नकाराचं वाक्य एकच असतं.)

मग ताईच्या, म्हणजे सायलीच्या आईच्या घरी, इंदिरानगरला, बैठक भरली.

"अशा मुलांना काहीतरी दैवी देणगी असते म्हणे," एक मावशी म्हणाली. "शंभर वर्षांचं कॅलेंडर पाठ असतं. हिला काय येतं?"

"नाय हो," दाजी म्हणाले. दाजी म्हणजे सायलीचे वडील, घोटीचे तांदळाचे व्यापारी. "गणितात लय कच्ची आहे. माझ्यावर गेली."

"मग चित्रं? गाणं?"

"मला घड्या घालायला आवडतं," सायली म्हणाली.

"कसल्या घड्या?"

"कपड्यांच्या."

सगळ्यांचे चेहरे पडले. एवढा ऑटिझम घरात असून त्याचा काहीच उपयोग नाही, अशी एक हळहळ खोलीभर पसरली.

मी मात्र गप्प बसलो नाही. या विषयावरची दोन पुस्तकं मी वाचली होती (एक पूर्ण, एक प्रस्तावनेपर्यंत), त्यामुळे घरात मी तज्ज्ञ मानला जात होतो. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत हॉटेलांच्या चादरी धुणारी एक मोठी लाँड्री आहे आणि तिथे माणसं हवी आहेत, हे मीच शोधून काढलं. लाँड्रीच्या मालकीण बोरस्ते मॅडम. त्यांनी सायलीला मुलाखतीला बोलावलं.

आता आमच्यात एकटं कुठेही जायची पद्धत नाही. एकाचा दात काढायचा असला तरी चार जण जातात, म्हणजे डॉक्टरांवर वचक राहतो. सायलीच्या मुलाखतीला आम्ही सात जण गेलो, दोन गाड्या करून. ताईने सायलीला मोरपंखी साडी नेसायला सांगितली, ती सायलीने नेसली नाही. दाजींनी मॅडमसाठी नव्या इंद्रायणी तांदळाचं पोतं घेतलं.

मॅडमनी आमच्याकडे पाहिलं. पोत्याकडे पाहिलं. "मुलाखत कोणाची आहे?"

"हिची!" सहा जण एका सुरात म्हणाले.

"मुलगी घरकामात पण छान आहे," मावशीने सवयीने जोडलं.

मॅडमनी सायलीला विचारलं, "तुला इथे काय अडचण येईल?"

मी घसा खाकरला. "त्याचं असं आहे मॅडम, संवेदी प्रक्रियेच्या संदर्भात बघितलं तर..."

"मामा, मला विचारलंय," सायली म्हणाली. "मशीनचा आवाज मोठा आहे, मी कानावर हेडफोन लावीन. मला एकच जागा द्या, रोज बदलू नका. आणि काही वेगळं होणार असेल तर आदल्या दिवशी सांगा. अचानक झालं तर मला त्रास होतो."

"एवढंच?"

"एवढंच."

"आणि ही सगळी मंडळी रोज येणार का?"

सायलीने वळून आम्हाला एकदा पाहिलं. "मला नको आहेत. तुम्हाला हवी असली तर त्यांना विचारा."

मॅडम हसल्या. तीन महिने बघू, जमलं तर कायम करते, म्हणाल्या. पोतं परत न्यायला लावलं. त्या दिवशी दाजींना लाँड्रीबद्दल जो संशय आला तो आजतागायत गेलेला नाही.

आणि काम जमलं! सायली घड्या घालत होती, हेडफोन लावून, तिच्या कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून. ती काही सगळ्यात भरभर घड्या घालत नव्हती, सगळ्यात हळूही नाही. बरी घालत होती. डबा एकटी खात होती. मुख्य म्हणजे चादरी कधीच विचारत नाहीत, की मी कशी दिसते. ती रात्री शांत झोपू लागली. एकदा ताईला म्हणाली, "ही नोकरी मला राहायला हवी आहे." सायली असं काही मागत नाही. ताई स्वयंपाकघरात जाऊन रडली.

इथे आम्ही सगळ्यांनी गप्प बसायला हवं होतं. एवढंच काम होतं आमच्याकडे.

पण तिसरा महिना संपत आला आणि दाजींच्या हाताला खाज सुटली. दाजी हे सत्कारप्रेमी गृहस्थ आहेत. त्यांच्या कपाटात सत्काराच्या शालींची एक अख्खी थप्पी आहे. ते त्या आलटून पालटून दुसऱ्यांना घालतात आणि दुसरे पुन्हा त्यांना. एकदा तर त्यांना स्वतःचीच शाल परत आली, डाग ओळखीचा होता.

"विलासराव, मॅडमचा सत्कार करायचा," ते मला म्हणाले. "आपल्या पोरीचा पण. डायरेक लाँड्रीत! एकदा शाल घातल्यावर कोन मायचा लाल कामावरून काढतो?"

"दाजी, तिला आधी सांगायला हवं."

"सांगितल्यावर ती नाय म्हणंल ना!"

या युक्तिवादात तथ्य होतं. तरीही तज्ज्ञ म्हणून मी ठाम भूमिका घेतली. ढोलपथक अजिबात चालणार नाही, असं मी स्पष्ट सांगितलं. बरीच घासाघीस होऊन आम्ही एका ढोलावर आलो. मग दाजींनी हळूच विचारलं, "मानपत्र कोन लिहील? भाषा तर तुमची." आणि माझी भूमिका तिथेच संपली. दोन दिवस खपून मी मानपत्र लिहिलं. त्याची सुरुवात 'हे शुभ्रवस्त्रांकिते' अशी होती.

जेवणाच्या सुट्टीत मशीन बंद असतात, तेव्हा आम्ही पोचलो. वॉचमनला ताईने पेढे दिले आणि दाजींनी "फॅमिली फंक्शन हाय" असं सांगितलं. मॅडम बँकेत गेल्या होत्या. सायली आपल्या कोपऱ्यात पाठमोरी बसून डबा खात होती, कानावर हेडफोन.

"मॅडम येईपर्यंत मशीनची पूजा करून घेते," ताई म्हणाली. तिथे चादरी इस्त्री करणारं एक भलं मोठं मशीन आहे. लांबलचक गरम रोलर फिरतो आणि ओलसर चादर त्याच्याखालून कडक होऊन बाहेर येते. ज्याच्यावर लेकीचं पोट आहे त्याला नुसतं कसं सोडायचं? ताईने पाण्यात कुंकू कालवलं आणि सुट्टीत निवलेल्या रोलरवर थेट ठसठशीत स्वस्तिक काढलं. वर हळदीची बोटं ओढली. मशीन एकदम आमच्यातलं दिसायला लागलं.

तेवढ्यात सुट्टी संपली. ऑपरेटरने सवयीने, न बघताच बटण दाबलं. मॅडमची गाडी आत आली, दाजींनी खूण केली, ढोलवाल्याने टिपरू घातलं आणि मी माइकचा डबा सुरू केला. तो असा किंचाळला, की ढोलवालाही दचकून थांबला.

सायली उठली. वळली. समोर ढोल, माइक, बाप शाल पसरून अंगावर येतोय आणि मामा वाचतोय, "हे शुभ्रवस्त्रांकिते, तुझ्या करकमलांनी..."

"बाहेर व्हा!" सायली ओरडली.

"अगं पोरी, तुझा सत्कार..."

"बाहेर! सगळे! बाहेर!" ती कान दाबून मागच्या गोदामात पळाली आणि दार लावून घेतलं.

दाजी पसरलेली शाल घेऊन तसेच उभे. ढोलवाला मला विचारतो, "साहेब, वाजवू का नको?" आणि तेवढ्यात रोलरमधून चादर बाहेर आली. पांढरी शुभ्र चादर, तिच्यावर लाल स्वस्तिक. हातभर पुढे दुसरं. त्याच्या पुढे तिसरं, प्रत्येकाला हळदीची बोटं. छापखान्यातही इतकं नेटकं काम होत नाही. ऑपरेटर बघत राहिला, आणि आणखी दोन चादरी आल्या.

"शुभशकुन आहे," ताई क्षीण आवाजात म्हणाली.

"बंद करा ते!" मॅडम दारातून ओरडल्या. मशीन थांबलं. मॅडमनी चादर उचलली, आमच्याकडे पाहिलं. "पोतं परत पाठवलं तेव्हाच मला कळायला हवं होतं," त्या म्हणाल्या.

ताई रडायला लागली. "मॅडम, तिची चूक नाही हो. तिला काढू नका."

मॅडम गोदामाच्या दाराशी जाऊन खाली बसल्या आणि वाट बघत राहिल्या. आम्ही चौघं भिंतीला लागून उभे होतो, परीक्षेत पकडलेल्या पोरांसारखे. मला एकदा वाटलं, दारातून पुस्तकातलं काहीतरी समजावून सांगावं. ताईने माझा शर्ट धरून ठेवला.

बऱ्याच वेळाने दार किलकिलं झालं.

"मी कामावर ओरडले," सायली म्हणाली. "मला काढणार का?"

"काय ओरडलीस?"

"बाहेर व्हा."

"मी पण तेच म्हणणार होते. तू आधी म्हणालीस."

सायलीने विचार केला. "मग मी चादरी बघते. त्या परत धुवाव्या लागतील."

"त्या हे लोक धुतील," मॅडम म्हणाल्या.

आणि आम्ही धुतल्या. हाताने, साबण लावून, मागच्या हौदावर. दाजी, ताई, मी आणि ढोलवाला (त्याचं काही चुकलं नव्हतं, पण गाडी आमची होती). कुंकू गेलं, हळद जाईना. सायली एकदा येऊन बघून गेली.

"मामा, तुझी चादर अजून पिवळी आहे."

"हळद लवकर जात नाही गं."

"बाबांची गेली," ती म्हणाली आणि परत कामाला गेली.

सायली त्याच आठवड्यात कायम झाली. आजही तिथेच आहे. आम्हाला मात्र गेटच्या आत यायला मनाई आहे. मॅडमनी तसं वॉचमनला सांगितलं, आणि तो माणसं विसरतो म्हणून त्या दिवशी कोणीतरी मोबाइलवर काढलेला आमचा फोटो त्याच्या केबिनमध्ये चिकटवला. दाजी त्यात शाल पसरून मध्यभागी छान आलेत. माझे डोळे मिटलेले आहेत. त्यामुळे गेल्या महिन्यात सायली डबा विसरली तेव्हा वॉचमनने मला ओळखलं नाही आणि चक्क आत सोडलं. सायलीने डबा घेतला, माझा दंड धरून मला गेटपर्यंत आणलं, आणि फोटोवर बोट ठेवून त्याला शांतपणे सांगितलं, "काका, हा पण त्यांच्यातलाच आहे."