मंडळाने वाचवलेला जिना

किस्से जमवायला वेगळे कष्ट लागत नाहीत. कुठल्याही मंडळाचं सभासद व्हावं आणि सभेत गप्प बसावं, ते आपोआप साठतात. संयुक्त महाराष्ट्राच्या धामधुमीत मी आमच्या गिरगावातल्या वाडीच्या जुनी घरं रक्षण मंडळात होतो. अध्यक्ष रावसाहेब, रिटायर्ड सॉलिसिटर. वाडीची जमीन ट्रस्टची आणि ट्रस्टीही तेच, त्यामुळे खिळा ठोकायलासुद्धा त्यांची परवानगी. स्वतः मात्र शिवाजी पार्कला, सिमेंटच्या नव्या बिल्डिंगमध्ये!

एकदा मी विचारलंच, "रावसाहेब, तुमचंही वाडीत घर होतं ना?"

"होतं. पाडलं. ते नुसतं जुनं होतं हो, ऐतिहासिक नव्हतं."

*

मंडळाचा खरा जीव सुशीलाबाईंच्या घरावर. लाकडी सज्जा, बाहेरून वर जाणारा उभा जिना. त्या शाळेत शिक्षिका. माडीवर त्यांचे सासरे अण्णा, छापखान्यातले जुने कंपॉझिटर.

घराचा मूळ रंग कोणता, यावर मंडळात हमरीतुमरी झाली. मग थर खरवडून बघायचं ठरलं. हिरव्याखाली पिवळा, पिवळ्याखाली निळा. सभासद इरेला पेटले आणि फळी आरपार गेली. मूळ रंग सापडला नाही, स्वयंपाकघर मात्र दिसलं.

"मी फोडणी देतेय," सुशीलाबाई आतून म्हणाल्या. "इतिहास सापडला की हाक मारा."

*

एका सकाळी सुशीलाबाईंच्याच भिंतीवर कुणीतरी गेरूने 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' असं लिहून ठेवलं. रावसाहेब मोर्चात पुढे असणारे, पण भिंत बघून लालबुंद झाले.

"मुंबई महाराष्ट्राचीच आहे," ते गरजले, "पण भिंत मंडळाची आहे!"

घरमालकीण शेजारीच उभी होती. तिला कुणी काही विचारलं नाही.

*

अण्णांना सभांचं भारी वेड. पण गुडघे गेले आणि त्या झिजलेल्या जिन्यावरून उतरणं बंद झालं. चौपाटीवर सभा असली की सज्जात कान देऊन बसायचे. सुशीलाबाईंनी मंडळाला विनवलं, जिना जरा रुंद, कमी चढाचा करू द्या, अण्णा एकदा तरी सभेला जातील.

"बाई, पायऱ्यांची ती झीज हाच तर इतिहास," रावसाहेब म्हणाले.

"माझ्या गुडघ्यांची पण बघा की," वरून अण्णा म्हणाले.

सगळे हसले आणि परवानगी नाकारली. त्या हसण्याची मला अजून चीड येते.

*

पुढे परदेशातले एक पाहुणे घर बघायला आले. रावसाहेबांनी जिन्याचं तोंड भरून कौतुक केलं. अण्णांनी हाक मारली, "वर या ना चहाला."

रावसाहेबांनी पायऱ्यांकडे एकदा पाहिलं. "नको, इथूनच जास्त चांगलं दिसतं."

*

महाराष्ट्र झाला. अख्खं गिरगाव रस्त्यावर उतरलं, अण्णा सज्जातच. पुढच्याच महिन्यात ते गेले.

जिना इतका अरुंद, की चौघांनी त्यांना चादरीत धरून, एकेक पायरी चाचपत खाली आणलं. सुशीलाबाई खाली डोळ्यांना पदर लावून उभ्या. शेजारी रावसाहेब, हात जोडून. मध्येच एकाचा पाय सरकला. रावसाहेब पुढे धावले.

"अरे, सांभाळा, सांभाळा," ते अगदी कळवळून म्हणाले, "कठडा सागवानी आहे."