छपराखालचे दत्तोबा

दत्तोबा गेल्याचं मला एसटीत कळलं. शिवऱ्याच्या अलीकडे कंडक्टरने तिकीट फाडता फाडता सांगितलं, "तुमचं मालक गेलं की वो." तोवर राखही सावडून झाली होती.

दत्तोबा आमच्या नाटक मंडळीचे मालक आणि नायकही, मी पेटीवाला. साठ-पासष्टच्या सुमारास भोर-वेल्ह्यात आमचं थिएटर म्हणजे कनात. चारी बाजूंना कापड, वर आभाळ. सारोळ्याच्या जत्रेत नीरेचा वारा, वेल्ह्यात डोंगराचा. माईक कुठला असायला? नवा नट आला की त्याला स्टेजवर उभं करून दत्तोबा पटांगणाच्या टोकाला शेवटच्या बैलगाडीपाशी जात आणि वाक्य म्हणायला लावत. तिथवर ऐकू आलं नाही, तर गड्याला जन्मभर मुक्या भालदाराचं काम. ते स्वतः बोलू लागले की बैल कान टवकारत.

त्यांना ध्यास एकच, मंडळीला पक्कं छप्पर हवं. पावसाळ्यात आम्ही सगळे घरी बसायचो आणि निम्मी माणसं परत यायची नाहीत. शेवटी भोरात भाताचं रिकामं गोदाम मिळालं. स्टेज बांधायला दत्तोबांनी कनात मांडववाल्याला विकली. "राहू द्या" म्हटलं, तर हसले. छपराखाली गेल्यावर कनातीचं काय काम, म्हणाले.

पहिल्या खेळाला गोदाम भरलं. दत्तोबांनी तोंड उघडलं आणि आवाज पत्र्यावरून असा परतला, की मागचं वाक्य पुढच्यावर आदळू लागलं. ऐकू जात नाही म्हटल्यावर आम्ही सवयीने आणखी जोर लावला. पुढच्या बायांनी कानांवर पदर घेतले. रडायच्या प्रवेशाला लोक हसले... तालमी खूप घेतल्या, पण हळू बोलू गेलं की दत्तोबांना वाक्यच आठवेना. तो पावसाळा संपायच्या आत मंडळी फुटली. मांडववाल्याने तोवर कनातीच्या झालरी केल्या होत्या.

मग ते शिवऱ्याला लेकीकडे गेले. बरोबर यमुनाबाई, त्यांची बायको आणि आमची नायिका. दत्तोबांनी पाणी मागितलं तरी शेजारी विचारायला येत, भांडण झालं का? लेकीची सासू तोंडाने काही बोलायची नाही, पण भांडी आपटायची. यमुनाबाई रोज समजावत राहिल्या. गोदामात जे जमलं नाही, ते हळू बोलणं या माणसाला तिथे जमलं. याचा मला अजून संताप येतो.

परवा भेटायला गेलो. यमुनाबाई सोप्यात बसल्या होत्या. जाताना काही बोलले का, मी विचारलं.

"बोललं की, भावजी. लई येळ व्हट हालत हुतं. कान तोंडाला लावला तरी कुनालाच ऐकू आलं न्हाई. म्याच शिकवलं हुतं त्यांस्नी, हळू बोला म्हनून."

त्या घरात अजून सगळे दबकूनच बोलतात. हे एवढं ऐकायलाही मला खाली वाकावं लागलं.