म्हशीचा अर्ज आणि नुसरतचा निकाल

नुसरत कोर्टापुढं म्हशीबद्दल बोलत होती, आणि माझ्या हातातल्या मोबाईलवर ती न्यायाधीश झाली होती.

मी तिच्या मागच्याच खुर्चीत होतो. फाइलच्या आड मोबाईल धरून लोकसेवा आयोगाची नव्या न्यायाधीशांची निवड यादी चाळत होतो. नुसरत पटेल, माझी ज्युनियर, मूळची पाचोडची. तिचं नाव दिसलं आणि मला हसू फुटलं. खोकल्याचा आवाज काढून दाबलं. मॅजिस्ट्रेट मॅडमनी वर पाहिलं.

"बरं आहे ना, वकीलसाहेब?"

"घसा, मॅडम."

नुसरतला मधेच थांबवायची सोय नव्हती. आमचे अशील, करमाडचे दामूअण्णा, यांची म्हैस चोरीला गेली होती. पोलिसांनी ती शोधली, पण ज्याच्या गोठ्यात सापडली तो म्हणत होता, मी ती विकत घेतलीय. म्हणून म्हैस पोलीस स्टेशनच्या आवारात बांधलेली. गुन्ह्यात जप्त केलेल्या वस्तूला आम्ही मुद्देमाल म्हणतो. खटला संपेपर्यंत तो मालकाच्या ताब्यात द्या, असा अर्ज करता येतो. मुद्देमाल मोटरसायकल असेल तर उभी राहते बिचारी. ही दुभती म्हैस. परक्या हाताला पान्हा सोडत नव्हती, कास दगडासारखी झाली होती. आणखी एक तारीख पडली असती तर ती आटलीच असती.

"मॅडम, म्हशीची साक्ष घ्यायची नाही," नुसरत सांगत होती. "फोटो काढावेत, पंचनामा करावा आणि ती दामूअण्णांना द्यावी. पोलिसांना तिचा त्रास आहे आणि तिला पोलिसांचा."

कोर्टात हसू पसरलं. त्या निमित्तानं मी माझंही हसून घेतलं, जरा जास्तच.

समोर, त्या गोठेवाल्याच्या बाजूनं, जोगदंड वकील होते. तारीख मागण्यात त्यांचा हात धरणारा आमच्या कोर्टात कोणी नाही. ते उठले तेव्हा त्यांनीही नुकताच मोबाईल पाहिला होता.

"मॅडम, मी पुढची तारीख मागणार होतो. पण आत्ताच कळलं, नुसरत मॅडमची न्यायाधीश म्हणून निवड झाली आहे. अशा दिवशी विरोध कसला करायचा? आमची हरकत नाही."

सकाळपर्यंत ते तिला 'अगं पोरी' म्हणत होते.

नुसरत गर्रकन माझ्याकडं वळली. मी मान हलवली. तिनं टेबलाची कड घट्ट धरली. तोंड उघडं, डोळे भरलेले, आणि हसू काही थांबेना. मागच्या बाकांवरच्या वकिलांनी टाळ्या वाजवल्या. एरवी कुजबुजही खपवून न घेणाऱ्या मॅडमनी "अभिनंदन" म्हणत त्या वाजू दिल्या.

दामूअण्णांनी माझी बाही ओढली. "म्हंजी म्हैस सुटली का?"

"सुटलीच समजा."

तेवढ्यात नुसरतनं डोळे पुसले आणि ती बोलायला लागली.

"मॅडम, माझ्या निकालाचा या अर्जाशी संबंध नाही. जोगदंड सरांच्या अशिलाला न विचारता ही हरकत मागं घेतलीय. त्यांचं म्हणणं ऐकून मगच आदेश व्हावा."

"हिला काय झालं हो?" दामूअण्णा म्हणाले. "त्यो देत होता की."

मलाही कळेना. पण मॅडमनी जोगदंडांना बोलायला सांगितलं, आणि ते असे बोलले की काही विचारू नका. म्हैस यांचीच कशावरून, आमच्या माणसानं रोख देऊन घेतलीय, सगळं काढलं. नुसरतनं एकच विचारलं. "विकणाऱ्याचं नाव सांगावं."

जोगदंडांनी अशिलाकडं पाहिलं. अशिलानं छताकडं.

"आदेश लंचनंतर," मॅडम म्हणाल्या.

बाहेर व्हरांड्यात पेढे आले. कोणी आणले कळलं नाही, एकाचे संपायच्या आत दुसऱ्याचे येत होते. मी तिला बाजूला घेतलं. "आलेलं कशाला घालवायचं?"

"सर, त्या माणसानं उद्या वरच्या कोर्टात सांगितलं असतं की वकिलानं मला न विचारता सोडून दिलं. ऑर्डर टिकली असती का? अण्णांची म्हैस परत पोलिसांकडं गेली असती."

मी एक पेढा तोंडात टाकला.

दामूअण्णांना वेगळीच घाई होती. "पोरी, तू जज झाली ना? मग जा आत, बस खुर्चीवर अन् दे ऑर्डर."

नुसरत हसत हसत पायरीवरच बसली. मग मीच अण्णांना समजावलं. आधी कायद्याची पदवी, मग आता निदान तीन वर्षं वकिली लागते. नंतर पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षा, मुलाखत. ते झालं की डॉक्टरी तपासणी, पोलिसांची चौकशी, मग अकादमीत ट्रेनिंग. त्यानंतर कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश, म्हणजे सगळ्यात खालची पायरी. तिथून वरिष्ठ स्तर, मग जिल्हा न्यायाधीश. आणि पोस्टिंग दुसऱ्या जिल्ह्यात.

"म्हंजी लई लांब हाय अजून."

"व्हय."

"मग म्हशीला उपेग नाय," अण्णा म्हणाले आणि त्यांनी दुसरा पेढा घेतला.

तिनं घरी फोन लावला. तिचे अब्बा पाचोडला शिवणकाम करतात. नुसरत म्हणाली, "अब्बा, हो गया." पलीकडून शिलाई मशीनचा आवाज येत होता. तो थांबला आणि ते म्हणाले, "फिर से बोल." तिनं तीनदा सांगितलं. चौथ्यांदा तिनं फोन माझ्या हातात दिला आणि मी सांगितलं.

लंचनंतर अर्ज मंजूर झाला. म्हैस विकायची नाही, कोर्ट म्हणेल तेव्हा हजर करायची, या अटींवर. जोगदंडांचा अशील वरच्या कोर्टात गेलाच. तिथं ऑर्डर जशीच्या तशी टिकली.

नुसरत सध्या ट्रेनिंगला आहे. नवीन मुलं विचारायला येतात, सर, जज व्हायला काय करू? मी सांगतो, पुस्तकं वाचा, पण आधी तीन वर्षं मनापासून कोर्टात उभे राहा. आणि सीनियर मंडळींना सांगतो, ज्युनियरचा निकाल असेल त्या दिवशी त्याला अर्जावर उभं करून मागं बसू नका. खोकल्याचं औषध घ्यावं लागतं.