बँडपार्टीला भेटलेले परदेशी मास्तर

बँडवाल्यांकडं किस्से साठतात, कारण आमचं निम्मं आयुष्य पंगत उठायची वाट बघण्यात जातं. पण गेल्या पावसाळ्यापासून दौंडच्या आमच्या पार्टीत जे साठलेत ना, ते सांगताना अजून अंगावर काटा येतो!

सुरुवात मोबाईलनं केली. पावसाळ्यात लग्नं नसतात, तेव्हा आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये प्रॅक्टिस करतो. मी कीबोर्डवर, बाकीचे आपापल्या जागी, आणि सगळ्यांच्या डोक्यावर रामभाऊ मास्तर. एकदा मास्तरांच्या मोबाईलवर गाणं संपलं आणि त्यानं आपल्याच मनानं पुढचं लावलं. नुसती व्हायोलिनं! मी बंद करायला गेलो तर मास्तर ओरडले, "थांब! ही चाल आपलीच हाय की!"

खरंच! ज्या जुन्या हिंदी गाण्यावर आम्ही वर्षानुवर्षं वराती काढल्या, त्याची सुरुवात जशीच्या तशी. शोधलं तर चाल निघाली ऑस्ट्रियातल्या माणसाची, दोन-अडीचशे वर्षांपूर्वीची. गडी पाच वर्षांचा असल्यापासून चाली बांधत होता! जगभर नाव, आणि संगीतावर पोट भरणाऱ्या आम्हाला पत्ताच नाही. मास्तरांनी कानाच्या पाळीला हात लावला.

"म्हंजी वळख जुनीच हाय. फकस्त भेट न्हवती झाली!"

*

मग नादच लागला. नावं जिभेवर बसेनात, म्हणून आम्ही आमची ठेवली. चर्चमध्ये भलामोठा बाजा वाजवणारा एक जर्मन होता. त्याला वीस लेकरं, म्हणून तो 'लेकुरवाळे आबा'. आबांच्यात एका चालीमागं दुसरी धावते, तिच्यामागं तिसरी, आणि कुणी कुणाच्या पायात येत नाही! आमचा ढोलवाला सुभाना थक्क झाला. "आपल्यात दोनच ट्रंपेट हायेत, तरी भांडत्यात!"

मास्तर कौतुकानं म्हणाले, "घरात एवढी पोरं, आन् रोज बसून लिवायचा माणूस!"

चहा देता देता मास्तरीणबाई म्हणाल्या, "व्हय, आन् ती पोरं कोण संभाळत हुतं? तिचं बी नाव शोधा की मोबाईलात!"

मास्तरांनी बशी खाली ठेवली आणि मोबाईल हातात घेतला.

*

या सगळ्यात बापू नव्हते. बापू म्हणजे आमचे क्लॅरिनेटवाले. सगळा जन्म ढोलाशेजारी आणि फटाक्यांत गेला, त्यात कान गेले. मशीन लावलं, तर त्यातून नुसता गोंगाट. "सूर लागला का न्हाई त्येच कळंना. लोकांच्या लग्नात फजिती नको," म्हणून त्यांनी क्लॅरिनेट पेटीत ठेवलं. बापूंशिवाय आमचा बँड म्हणजे नुसता आवाज. तरी मास्तरांनी दुसरा माणूस बघितला नाही.

आणि मग आम्हाला आणखी एक जर्मन सापडला. वाचलं आणि मी स्पीकर घेऊन थेट बापूंच्या अंगणात! मोबाईलवर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवलं, 'एक चाल ऐकवतो. बांधणारा बहिरा होता.'

"थोडं कमी ऐकू येत आसंल," बापू म्हणाले.

मी लिहिलं, 'ठार बहिरा.'

"आन् ह्ये तवा केलं?"

'तेव्हाच.'

मी चाल लावली. बापू स्पीकरवर पंजा ठेवून शेवटपर्यंत बसले. मग त्यांनी घरात हाक मारली, "आगं, माजी पेटी काढ!"

*

कीबोर्डवर माझी बोटं बघून बापूंनी चाल बसवली आणि पाटसच्या लग्नात मास्तरांनी ती काढली. आधी नाचणारे बुचकळ्यात पडले. सुभानानं खालून आपला ठेका सोडला, आणि सगळी वरात उसळली! नवरदेवाचा मामा घामाघूम होऊन विचारतो, "कुठल्या पिच्चरचं वो?"

मास्तर म्हणाले, "निघायचाय आजून!"

*

त्याच वरातीचं सांगतो. मांडवाच्या दारात ओवाळायला सगळे थांबले. आम्ही बाजूला झालो, मास्तरांनी हात वर केला, बँड थांबला. बापू सगळ्यांकडं पाठ करून, रस्त्याकडं तोंड करून उभे होते. डोळे मिटलेले. ते वाजवतच राहिले. एकटे!

सुभाना त्यांना खुणवायला निघाला, तर मास्तरांनी त्याचा दंड धरला. ओवाळणारीच्या हातात ताट तसंच. नाचणारी पोरं जागच्या जागी उभी. एक सूर इकडचा तिकडं झाला नाही. असं वाजवणं मी जन्मात ऐकलं नव्हतं.

चाल संपली. मागं टाळ्यांचा नुसता कडकडाट, आणि बापू आपले रुमालानं क्लॅरिनेट पुसताहेत!

मास्तर पुढं झाले, त्यांनी बापूंचे खांदे धरले आणि त्यांना हळूच मांडवाकडं वळवलं.

बापूंनी टाळ्या वाजवणारे हात बघितले, मग आमची थांबलेली वाद्यं. मग मला म्हणाले, "तुम्ही कवा थांबला रं?"